पैसे देऊन मजुरी कराले कोण जाते?

नमस्कार मंडळी. मागं आवाज येतो ना? बरं. वाचनालयाच्या लोकांनी बोर्डावर 'परदेशातील वारसा संवर्धन व स्वयंसेवा' असं भारी लिहून टाकलंय, पण गावात मला जे विचारतात ते एकदम साधं असते. 'काय रे बापा, तिकीट काढून, वरून जेवणाचे पैसे भरून, फ्रान्सले गोटे उचलाले गेला होता म्हणते? घरच्या वावरात तर कधी निंदाले नाही आला.' फ्रान्समध्ये एका पडक्या जुन्या वास्तूच्या दुरुस्तीच्या कॅम्पला मी स्वयंसेवक म्हणून गेलो होतो, म्हणून हा प्रश्न. तो चुकीचा नाहीये. पैसे भरले हे खरं, गोटे उचलले हे पण खरं. पण तिथं जो मुख्य मिस्त्री होता त्याचा हिशोब ऐका. तुमच्यासारखे दहा नवशिके पोट्टे माझ्याकडं आले की माझं काम भराभर होत नाही, उलट मागं पडते, कारण अर्धा दिवस तर मी तुम्हाला शिकवण्यात घालवतो, असं तो हसत हसत म्हणायचा. म्हणजे आपण भरतो ते मजुरीचे नाही, शिकण्याचे, जेवणाचे आणि विम्याचे. ते पण दिवसाला थोडेच युरो असतात, खरा खर्च विमानाचा.

ही पद्धत आली कुठून ते थोडक्यात सांगतो. पहिलं महायुद्ध संपलं, फ्रान्समध्ये व्हर्दनच्या आजूबाजूची गावंच्या गावं तोफांनी सपाट झाली होती, आणि १९२० मध्ये पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर काही लोकांना घेऊन तिथल्या एका गावात घरं उभी करायला गेला. त्या लोकांमध्ये जर्मन पण होते, म्हणजे ज्यांच्या देशाच्या तोफांनी गाव पडलं त्याच देशाचे. गावकऱ्यांना ते काही फार दिवस पचलं नाही आणि कॅम्प गुंडाळावा लागला, पण त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. आणि हाच माणूस १९३४ च्या भूकंपानंतर आपल्या बिहारमध्ये आला, गावं बांधायला. म्हणजे आज आपण तिकडं जातो, पण तिकडून इकडं येणं आधी झालेलं आहे. तेव्हा गोऱ्याला घमेलं उचलताना पाहून बिहारी शेतकऱ्याला काय वाटलं असेल कोणास ठाऊक.

नंतरचं मोठं नाव म्हणजे फ्लॉरेन्स. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीतल्या या शहरात आर्नो नदीचा पूर शिरला, काही भागात पाणी सहा मीटरच्या वर चढलं, आणि त्याच्यात चिखलासोबत घराघरातलं हीटिंगचं तेल मिसळलेलं. राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं त्या घाणीत. तर कॉलेजची पोरं-पोरी, इटलीतली आणि बाहेरची पण, येऊन तळघरातून साखळी करून एकेक पुस्तक हातोहात वर काढायला लागली. लोकांनी त्यांना नावच पाडलं 'चिखलातले देवदूत'. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे, ती भिजलेली पुस्तकं वाळवायला तंबाखू सुकवायच्या भट्ट्या वापरल्या. हे डोकं पोरांचं नाही, जाणकारांचं. पोरांनी फक्त सांगितलं ते केलं, आणि तेच फार मोठं काम होतं. आजचं सगळं बोलणं माझं याच एका गोष्टीभोवती आहे, हात आपले असतात पण काय करायचं आणि त्याहून जास्त काय नाही करायचं ते ठरवणारा माणूस दुसरा लागतो.

फ्रान्समध्ये त्याच १९६६ साली रेंपार नावाचा संस्थांचा एक संघ झाला. जुने किल्ले, चॅपल म्हणजे छोटी चर्च, पाणचक्क्या, गावातले धोबीघाट असं सगळं या छोट्या छोट्या स्थानिक संस्था सांभाळतात आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांचे कॅम्प घेतात. युनेस्कोचा पण २००८ पासून जागतिक वारसास्थळांवर असा कार्यक्रम आहे. मी गेलो ते एका खेड्यातल्या पडक्या चॅपलवर, नाव सांगून काही उपयोग नाही, गुगलवर पण नीट सापडत नाही. आपल्या तालुक्यात असेल तेवढंच गाव, फक्त माणसं कमी आणि सगळी म्हातारी.

आता काम काय होतं. मला वाटलं पहिल्या दिवशी हातोडा मिळेल. मिळालं काय, तर हेल्मेट, बूट आणि एक वही. भिंतीचा प्रत्येक भाग आधी फोटो काढून, मोजून, कागदावर उतरवायचा, कोणता दगड सैल, कुठं चीर, कुठं झाड उगवलंय. आयव्हीचा वेल भिंतभर चढला होता, माझ्या हाताला खाज सुटली की ओढून काढू, तर मिस्त्री ओरडलाच. मुळं सांध्यात शिरलेली असतात, ओढलं की दगडासकट येते. बुडाशी कापायचा, वाळू द्यायचा, मग हळूहळू काढायचा. आपल्याकडं किल्ल्यावर पिंपळ उगवला की काय करतो आपण, श्रमदानाच्या दिवशी दोर बांधून पन्नास जण ओढतो, फोटो काढतो, आणि खाली बुरुजाचा अर्धा कोपरा पडलेला असतो.

मग सांधे. त्या भिंतीत मागच्या कोण्या दुरुस्तीत सिमेंट भरलं होतं. ते छिन्नीनं, दगडाला धक्का न लागू देता, खरवडून काढायचं, आणि त्या जागी चुना आणि वाळूचा गारा भरायचा. का, तर जुन्या भिंतीत ओल असतेच, जमिनीतून वर येते, पावसातून आत जाते, ती बाहेर पडायला वाट लागते. चुन्याचा सांधा मऊ, त्यातून ओल निघून जाते, झिजला तर सांधा झिजतो, पुन्हा भरता येतो. सिमेंट कडक. ओल अडकते आणि मग दगडातूनच बाहेर यायला बघते, येताना सोबत क्षार आणते, ते क्षार दगडाच्या कातडीखाली जमून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. म्हणजे दुरुस्ती शाबूत, दगड खलास. दगड आधी पाण्यानं भिजवायचा, गारा दाबून भरायचा, वरून ओलं पोतं झाकायचं, कारण चुना उन्हात भराभर वाळला की भुगा होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो सावकाश पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही.

हे ऐकून मला तिथं हसू आलं, कारण हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना काही नवीन नव्हतं. चुन्याचा घाणा, बैल गोल फिरतात, दगडी चाकाखाली चुना मळला जातो, त्यात गूळ, बेलफळ, मेथी, हिरडा, ज्याची जशी रीत. वाडे त्याच्यावरच उभे आहेत अजून. आणि आज चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरकडं जा, जमिनीतली तीच चुनखडी निघते आणि सगळी सिमेंटच्या फॅक्टरीत जाते, देवळाच्या दुरुस्तीला चांगला विरवलेला चुना पाहिजे म्हटलं तर गावोगाव शोधत फिरा.

संध्याकाळी जेवण पाळीपाळीनं करायचं असायचं. माझ्या पाळीला पिठलं केलं, बेसन इथूनच नेलं होतं, आणि त्यांच्या त्या लांब पावासोबत सगळ्यांनी हाणलं. स्पेनची एक पोरगी म्हणे हे कशाचं सॉस आहे. जाऊ द्या.

आता एक गोष्ट मात्र गंभीर. काठमांडूला काष्ठमंडप नावाची लाकडी वास्तू होती, शहराचं नावच त्याच्यावरून पडलं म्हणतात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात ती कोसळली, आत रक्तदान शिबिर सुरू होतं, माणसं गेली. नंतर तिथं पुरातत्त्ववाल्यांनी खोदून पाहिलं तर पाया चांगला भक्कम, शेकडो वर्षांचा. मग पडली कशानं? वास्तूचे चार मुख्य खांब, त्यातल्या एकाच्या खालचा बसायचा दगड आधीच्या एका दुरुस्तीत फरशीखाली दबला गेला होता, खांब त्याच्यावर बसलेलाच नव्हता. दुरुस्ती करणारे काही दुष्ट नव्हते, मनापासून केलं असेल, वरून फरशी चकचकीत पण दिसली असेल. पुन्हा बांधताना मात्र तिथल्या लोकांनी ठेकेदाराचं ऐकलं नाही, भांडून काम आपल्याकडं घेतलं आणि पारंपरिक कारागिरांकडून जुन्या रीतीनं करवून घेतलं. ज्यांना युरोप परवडत नाही त्यांनी नेपाळ बघावं, आपल्याला व्हिसा पण लागत नाही, आणि तिथले लाकडाचे कारागीर तर, काय सांगू, बघतच बसावं.

हे सगळं सांगायचं कारण आपली देवळं. इथून लासूर किती लांब आहे, तिथलं आनंदेश्वराचं देऊळ सगळ्यांनी पाहिलंय. लोणारचं दैत्यसूदन, गडचिरोलीचा मार्कंडा, आपल्या भागात प्रत्येक चार गावांमागे एक हेमाडपंती देऊळ सापडते. ही देवळं तर बहुतेक कोरड्या सांध्याची, दगडात दगड अडकवलेला, मधात चुनाही नाही. तिथं आपण लोकवर्गणी गोळा करतो आणि सांध्यात सिमेंट कोंबतो, खांबांना निळा ऑइलपेंट, गाभाऱ्यात पांढरी टाईल, समोर पत्र्याचा मंडप आणि स्टीलचं रेलिंग. उद्या एखादा दगड उतरवून नीट बसवायचा म्हटलं तर सिमेंटनं तो असा धरलेला असते की सुटता सुटता फुटतो. आणि हे कोण करते? ज्याला देवाची सगळ्यात जास्त माया आहे तोच करते. देऊळ ओस पडलं असतं तर वाचलं असतं असं म्हणायची वेळ आणू नका.

मग करायचंच नाही का काही? करा की. चंद्रपूरला इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून गोंडकालीन परकोटाची, म्हणजे शहराभोवतीच्या तटाची, सफाई केली, झाडंझुडपं काढली, कचरा काढला, पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये पण उल्लेख झाला. ते सफाईचं काम होतं, भिंत बांधायला नाही बसले. आपल्या हातात तेवढं नक्की आहे, बारवेतला गाळ आणि प्लास्टिक काढा, फोटो काढून ठेवा, पाणी कुठून मुरते ते लिहून ठेवा. ते पण आधी विचारून. स्मारक केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल तर १९५८ चा कायदा लागतो, राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा, २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या स्मारकापासून शंभर मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदीच आहे. आणि गाळात मूर्ती किंवा नाणी निघाली तर घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायची नाही, तहसीलला कळवायचं, त्याचा कायदा १८७८ पासून आहे.

पोट्टेहो, तुमच्यापैकी कोणाला जायचं असेल तर ऐका. जाहिराती भरपूर येतात, 'हेरिटेज वाचवा, दोन आठवडे, लाख रुपये', सोबत हसणाऱ्या लोकांचे फोटो. पैसे भरायच्या आधी त्यांना विचारा, कामाची परवानगी कोणी दिली, तांत्रिक जबाबदारी कोणाची, आणि गावच्या मिस्त्रीला रोजी मिळते का. तुमच्या फुकट हातांमुळे त्या गावच्या गवंड्याचं काम जात असेल तर नका जाऊ. आणि पहिल्याच दिवशी कोरीव दगडावर हात मारू देणारा कॅम्प असला तर तिथून पळा. फ्रान्सला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, मोठ्या माणसाची फी ९० युरो, किमान ३० हजार युरोचा विमा, कॅम्पचं निमंत्रणपत्र, बँकेचं स्टेटमेंट. बापाच्या खात्यावरचं स्टेटमेंट चालते पण संबंध दाखवावा लागतो. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी भागते, तिकडं तर इंग्रजांशिवाय सगळ्यांचंच मोडकं असते.

प्रश्न विचारा आता. हां, मागचे काका बोला.

'आमच्या देवळातल्या खांबाले आमीच पंधरा-सोळा वर्सांआधी ऑइलपेंट मारला. आता तो काढाले ग्राइंडर लावू का?'

काका, ग्राइंडर अजिबात नको. तारेचा ब्रश नको, ॲसिड तर नावच काढू नका, वाळूचा फवारा पण नाही, त्यानं रंगासोबत कोरीव काम जाते. आधी खांबांचे चारी बाजूंनी फोटो काढा. मग देऊळ कोणाच्या यादीत आहे ते तहसीलमध्ये किंवा पुरातत्त्व विभागाच्या नागपूरच्या ऑफिसात विचारा आणि अर्ज द्या. त्यांचा रसायनवाला माणूस येऊन एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात हातभर जागेवर चाचणी करेल, लेप लावून रंग सुटतो का ते पाहील, मगच पुढं. वेळ लागेल, दोन-चार चकरा होतील. तोपर्यंत रंग आहे तसा राहू द्या, आणि यंदाच्या यात्रेला कोणी नवीन डबा घेऊन आला तर त्याला तुम्हीच अडवा, तुमचं ऐकतील.

पुढचा प्रश्न, ताई तुमचा होता ना?