एका क्लिकचा भाव, मुक्काम खान्देश

(दृश्य: रावेर तालुका, ऑक्टोबर. केळीच्या बागेत ठिबक चालू. बांधावर लावलेली मोटारसायकल.)

ऑक्टोबर संपत आला की रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्याला एक तारीख सांभाळावी लागते. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीसाठी भाग घ्यायची मुदत साधारणपणे 31 ऑक्टोबरला संपते. थंडीनं पारा घसरला, उन्हाळ्यात चढला किंवा वादळानं बाग आडवी केली, तर आधार या विम्याचाच. ही तारीख शेतकऱ्याच्या कानावर घालणं हे सरकारी काम. पूर्वी ते पत्रकावर, पेपरातल्या जाहिरातीवर आणि कृषी सहायकाच्या फटफटीवर भागायचं. आता त्यात फेसबुक-इन्स्टाग्रामची भर पडली आहे, आणि तिथं दर क्लिकला पैसे मोजावे लागतात.

2024 सालचा ऑक्टोबर आठवून बघा. 15 तारखेला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. 29ला धनत्रयोदशी, 31ला विम्याची नेहमीची मुदत, 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. जळगावचा सोनेबाजार, दुचाकीचे शोरूम, कापडवाले, घरपोच माल पाठवणाऱ्या बड्या कंपन्या आणि वर उमेदवार, असे सगळे एकाच पंधरवड्यात एकाच मोबाइलच्या पडद्यावर जागा मागायला आले. केळीच्या विम्यालाही जागा त्याच पडद्यावर हवी.

(दृश्य: बऱ्हाणपूरच्या बाजार समितीकडे निघालेले केळीचे ट्रक.)

या जागेचा भाव छापील दरपत्रकावर नसतो. बऱ्हाणपूरला केळीचा लिलाव होतो, तसा इथंही होतो. मात्र हा लिलाव माणसानं फेसबुक उघडलं की पापणी लवायच्या आत उरकतो, आणि बोली लावायला जाहिरातदार स्वतः हजर नसतो, त्याच्या वतीनं यंत्र बोली लावतं. मोठी बोली लावली म्हणजे जिंकलं, असंही नाही. हा माणूस या जाहिरातीवर बोट ठेवील याची शक्यता किती आणि जाहिरात लोकांना रुचतेय की ते ती लपवतायत, हेही तोललं जातं. बोलीला त्या शक्यतेनं गुणायचं आणि त्यात दर्जाचे गुण मिळवायचे, असा साधारण हिशेब.

आता एक समजुतीचा हिशेब. समजा, जाहिरात हजारदा दिसायला 100 रुपये पडले. हजारातल्या दहा जणांनी क्लिक केलं, तर क्लिक 10 रुपयांना पडला. तीच जाहिरात जरा बरी लिहिली आणि वीस जणांनी क्लिक केलं, तर 5 रुपयांना. जागा तीच, भाव निम्मा. सरकारी बैठकांत क्लिकचा दर पावसासारखा आभाळातून पडल्याची चर्चा होते. त्यातला निम्मा तरी जाहिरात लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

(दृश्य: आलेख. 2021 ते 2024.)

मग भाव चढतोय की उतरतोय? फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा दरवर्षी सरासरी प्रति जाहिरात भाव किती बदलला ते जाहीर करते. 2021मध्ये तो 24 टक्क्यांनी चढला. 2022मध्ये 16 टक्क्यांनी उतरला, 2023मध्ये आणखी 9 टक्क्यांनी. 2024मध्ये पुन्हा 10 टक्क्यांनी वर गेला. उतरत्या दोन वर्षांत जाहिराती दिसण्याचं प्रमाण मात्र आधी 18 आणि मग 28 टक्क्यांनी वाढलं होतं. रील्स आल्या, पडदा लांबला, जागा भरपूर झाली आणि भाव बसला.

हे आकडे जगभराचे आहेत, आणि जाहिरात दिसण्याच्या भावाचे आहेत, क्लिकच्या नव्हे. त्यांच्यावरून वाऱ्याची दिशा कळते, धुळ्यातला दर कळत नाही. 2023च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडातल्या एका वापरकर्त्यामागे 68 डॉलरच्या वर महसूल मिळाला, आशिया-पॅसिफिकमधल्या एकामागे साडेपाच डॉलर. तेव्हा एखादा सल्लागार परदेशातल्या सरकारी खात्यांची क्लिकची सरासरी घेऊन, तिला रुपयांनी गुणून जिल्हा परिषदेच्या सभागृहात दाखवत असेल, तर चहा घ्यावा आणि तक्ता सोडून द्यावा.

इथला दर इथल्या पंचांगावर हलतो. दिवाळीला चढतो. जून लागला की शाळा-कॉलेजं आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती वाढतात. निवडणूक आली की उमेदवार उतरतात. त्यांच्या जाहिराती आधी माध्यम प्रमाणीकरण समितीकडून तपासून घ्याव्या लागतात, पण एकदा सुटल्या की लिलावात त्याही आपल्या शेजारीच उभ्या. आणि मार्च एंड तर सरकारनं स्वतःच ओढवून घेतलेला हंगाम आहे. वर्षभर पडून राहिलेला निधी संपवायला अनेक खाती एकदम प्रसिद्धीला लागतात आणि एकाच जिल्ह्यातल्या त्याच माणसांसाठी एकमेकांविरुद्ध बोली लावतात. आरोग्य खात्याचा भाव कृषी खातं चढवतं. दोन्हीकडचा पैसा एकाच तिजोरीतला!

(दृश्य: सरकारी कार्यालय. फायलींचे गठ्ठे, नस्तीवरची हिरवी शाई.)

सरकारी जाहिरातीची आणखी एक गोची आहे. पेपरातली जाहिरात चौरस सेंटिमीटरच्या ठरलेल्या दरानं जाते. तो दर मंजूर असतो, ऑडिटवाल्याला दाखवता येतो. इथं मात्र दर सकाळ-संध्याकाळ बदलतो. केंद्रानं नोव्हेंबर 2023मध्ये डिजिटल जाहिरात धोरण मंजूर केलं आणि केंद्र सरकारच्या जाहिराती सांभाळणाऱ्या केंद्रीय संचार ब्युरोला वेबसाइट, ओटीटी, पॉडकास्ट अशा माध्यमांवर मोहिमा चालवायचा रीतसर रस्ता मिळाला. तालुक्याच्या पातळीवर मात्र कामाची रीत जुनीच आहे: निविदा काढा, सगळ्यांत कमी दर देणारा एल-वन शोधा, त्याला काम द्या.

त्यात जीएसटी 18 टक्के. 10,000ची जाहिरात 11,800ला पडते. सोन्याच्या दुकानदाराला हा कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करता येतो. शासकीय कार्यालय काही विकत नाही, त्यामुळे त्याचे ते 1,800 गेले ते गेले. लिलावात दोघांची बोली सारखी असली, तरी सरकारचा क्लिक महागच.

आता एल-वनकडे वळू, कारण खरी मेख तिथं आहे. निविदेत 'प्रति क्लिक न्यूनतम दर' एवढंच लिहिलं, की एजन्सी स्वस्तातला क्लिक आणून देते. ती खोटं बोलतेय असंही नाही.

(दृश्य: संगणकाचा पडदा. जाहिरात व्यवस्थापनाचा तक्ता, एकेक रकाना जवळून.)

हा तक्ता नीट बघा. 'क्लिक्स ऑल' असा एक रकाना आहे आणि 'लिंक क्लिक्स' असा दुसरा. पहिल्यात सगळंच येतं. कुणी लाइक केलं, कॉमेंट टाकली, मजकूर पुरा वाचायला 'सी मोअर'वर बोट ठेवलं, पेजच्या नावावर टिचकी मारली, तर तोही क्लिक. दुसऱ्या रकान्यात दुव्यावर गेलेलेच येतात. त्याच्याही पुढे तिसरा रकाना आहे, 'लँडिंग पेज व्ह्यूज', म्हणजे दुव्यावर गेल्यावर पान खरोखर उघडलं असे. धडगाव-मोलगीच्या डोंगरात रेंज गेली तर दुव्यावर बोट पडतं, पान उघडत नाही, आणि क्लिक मात्र मोजला जातो. बिल पहिल्या रकान्यावर लावलं तर दर एकदम देखणा दिसतो. तिसऱ्यावर लावलं तर कपाळाला आठ्या पडतात. निविदेत कोणता रकाना ते लिहिलेलंच नसतं, मग एजन्सीनं आपल्या सोयीचा धरला तर दोष कुणाला द्यायचा?

(दृश्य: नवापूर रेल्वे स्टेशन. फलाटावरचा बाक.)

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. हा बाकही तसाच, मधोमध रेघ आणि दोन्ही राज्यांची नावं. या बाकावर बसून मोबाइल उघडणारा माणूस कोणत्या राज्याचा, हे जाहिरातीच्या यंत्रानं ठरवायचं असतं. रावेरभोवती 50 किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर आत येतं. तिथल्या केळीवाल्यानं महाराष्ट्राच्या विम्यावर केलेला क्लिक आपल्याच पैशानं जातो.

उलटही होतं. पावसाळा सरला की नंदुरबारच्या सातपुड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाहिरात 'नंदुरबार जिल्हा' एवढ्यापुरती लावली, तर ज्यांच्या रेशनकार्डासाठी किंवा पोरांच्या लसीकरणासाठी ती काढली, तीच माणसं वर्तुळाबाहेर राहतात. त्यांना गाठायचं तर सुरत-बारडोलीकडेही जाहिरात लावावी लागेल, आणि त्या गर्दीत बोली वेगळी. फाइलवर 'जिल्ह्याबाहेर खर्च का केला' असा शेरा येणार, हे सही करणाऱ्या साहेबाला आधीच ठाऊक असतं. म्हणून ते कुणी करत नाही.

नंतर येते बोली, म्हणजे बोलण्याची. रावेर-यावलकडे लेवा बोली, अमळनेर-शिरपूर-धुळ्याकडे अहिराणी, धडगावकडे पावरी, अक्कलकुव्याकडे भिली. जाहिरात मात्र मंत्रालयी मराठीत: 'सर्व संबंधित शेतकरी बांधवांना याद्वारे सूचित करण्यात येते की.' इथवर वाचेपर्यंत अंगठा पुढच्या रीलवर गेलेला असतो. गुलाबी बोंडअळी रोखायला कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडतं, हंगामाआधी कपाशी लावू नका. तेच शिरपूरच्या माणसाला 'जून लागाना आगोदर कपाशी लाऊ नका भो' असं ऐकू आलं, तर तो निदान थांबेल. थांबला की क्लिकची शक्यता वाढते, शक्यता वाढली की लिलावात भाव उतरतो.

आणि फोटो! एका चौकटीत वर मान्यवरांची रांग, खाली बोधचिन्हं, मधल्या उरलेल्या पट्टीत मुंगीएवढ्या अक्षरात योजना. फेसबुकचा पूर्वी नियम होता की चित्रात 20 टक्क्यांहून जास्त मजकूर असला की जाहिरात कमी लोकांना दाखवायची. 2020मध्ये तो काढला. माझं मत विचाराल तर आपल्या जिल्ह्यांपुरता तरी तो ठेवायला हवा होता.

(दृश्य: गावातलं आपले सरकार सेवा केंद्र. बाहेर रांग, आत प्रिंटर चालू.)

समजा, हे सगळं जमलं. क्लिक झाला, पानही उघडलं. पुढे काय? शेतकरी विम्याचा अर्ज सहसा मोबाइलवर भरत नाही. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार असं सगळं पिशवीत घालून तो दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात जातो आणि तिथला मुलगा अर्ज भरतो. क्लिक झाला रात्री, घरच्या ओसरीवर, आणि अर्ज झाला सकाळी, दुसऱ्याच संगणकावर. जाहिरातीच्या यंत्राला हा अर्ज कधी दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त क्लिक. म्हणून ते कशावरही बोट ठेवणारी माणसं शोधत राहतं. दिवसभर मोबाइल खेळणारा पोरगा सापडतो. केळीच्या बागेत राबणारा त्याचा बाप राहून जातो.

पुन्हा समजुतीचा हिशेब. 10,000 रुपयांत 2 रुपयांचे 5,000 क्लिक आले आणि त्यातून 20 अर्ज झाले, तर एक अर्ज 500ला पडला. तेवढ्याच पैशात 8 रुपयांचे 1,250 क्लिक आले आणि 50 अर्ज झाले, तर अर्ज 200ला. एल-वनच्या तक्त्यात पहिला जिंकतो. हे टाळायला फार तंत्रज्ञान लागत नाही. जाहिरातीत दुव्याऐवजी फोन लावायचं किंवा व्हॉट्सॲपचं बटण देता येतं, म्हणजे किती जण बोलले ते मोजता येतं. किंवा सेवा केंद्रातल्या मुलानं अर्ज भरताना एवढंच विचारावं, 'काका, कुठून कळलं?' आणि वहीत रेघ मारावी. त्या वहीतून जेवढं कळेल, तेवढं एजन्सीच्या रंगीत अहवालातून कळणार नाही.

या लिलावात भामटेही बसलेले असतात. सरकारी योजनेच्या नावानं बनावट पेज काढायचं, 'यादीत नाव तपासा' असं मोठ्या अक्षरात लिहायचं आणि आधार नंबर किंवा ओटीपी काढून घ्यायचा. त्यांची जाहिरात साध्या बोलीत असते, फोटो एकच असतो, बटण मोठं असतं. कटू वाटेल, पण खऱ्या खात्यापेक्षा त्यांना क्लिक स्वस्त पडत असेल तर नवल नाही. खरं पान ओळखायची एक साधी खूण आहे. वेबसाइटच्या मुख्य पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा आहे ना, ते बघायचं.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर ॲड लायब्ररी.)

2019पासून भारतातल्या राजकीय जाहिराती मेटाच्या ॲड लायब्ररीत कुणालाही बघता येतात. पैसे कोण देतंय, खर्च साधारण किती ते किती दरम्यान, किती वेळा दिसली, हे कळतं. क्लिक किती झाले आणि एक केवढ्याला पडला, हे तिथं नसतं. सरकारी मोहिमेबाबत ते कार्यालयाच्या फाइलमध्ये सापडेल, एजन्सीच्या बिलाला जोडलेल्या अहवालात. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि बिलाच्या प्रतीसोबत तो अहवालही मागायचा, तिन्ही रकाने दिसतील असा. उत्तर द्यायला कार्यालयाला 30 दिवस असतात.