अर्धा माणूस, अख्खी सुटकेस

(दृश्य : मार्सेयचं बंदर, सकाळचं ऊन. पुतळ्याच्या पोटातून पलीकडचं पाणी दिसतंय.)

हा माणूस निघालाय. एक पाय पुढे, हातात सुटकेस. बूट शाबूत, डोकं शाबूत. मधलंच काही नाही. छातीखालून पार मांड्यांपर्यंत नुसती हवा, आणि त्या हवेत समुद्र.

२०१३ साली फ्रान्समधलं मार्सेय युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. त्या वर्षी बंदरापाशी असे दहा ब्राँझचे प्रवासी उभे राहिले, माणसाएवढ्या उंचीचे. त्यांचे फोटो जगभर फिरले. पाहिल्या पाहिल्या वाटतं, कुणीतरी संगणकावर खोडरबर फिरवलाय. तसं काही नाही. पुतळेच असे आहेत.

शिल्पकार ब्रुनो कातालानो. जन्म १९६०चा, मोरोक्कोतल्या खुरिब्गाचा. फॉस्फेटच्या खाणींचं हे गाव. शाळकरी वयात ते घरच्यांबरोबर फ्रान्सला आले. पुढे मार्सेयमध्ये जहाज कंपनीत नोकरी केली, मग इलेक्ट्रिशियनचं काम. मातीकामाच्या वर्गात नाव घातलं ते तिशीला टेकल्यावर.

मोरोक्को सोडताना आपला एक तुकडा तिथंच राहिला, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलंय. ते खरंच असेल. पण पुतळ्याला भोक पडलं ते विचार करून नव्हे, चुकून.

(दृश्य : ओल्या मातीचा पुतळा. अंगठा माती दाबतोय.)

सुरुवातीचे त्यांचे पुतळे अंगानं भरलेले, चारचौघांसारखे. २००४ मध्ये ते सिरानो घडवत होते, फ्रेंच रंगभूमीवरचा तो लांब नाकाचा तलवारबहाद्दर. त्यात खोट निघाली. दुसऱ्या कुणी ती लिंपून टाकली असती. कातालानो यांनी छाती आणखी कोरत नेली. पुढची सगळी ‘प्रवासी’ मालिका त्या खोटीतून आली.

माणसाचं धड काढून टाकायची कल्पना तशी नवी नाही. बेल्जियमचा अतिवास्तववादी चित्रकार रने माग्रित यानं १९३७ मध्येच एक बसलेला माणूस रंगवला होता. त्याच्या छातीच्या जागी पक्ष्यांचा पिंजरा. तीस वर्षांनी त्याच चित्राचं ब्राँझही झालं, पण ओतकाम पुरं व्हायच्या आत, १९६७च्या ऑगस्टमध्ये, माग्रित गेला. पण त्याचा माणूस निवांत बसलाय. कातालानो यांचा उभा आहे, चालतोय. अर्धं अंग नसताना चालायचं म्हणजे तोल आला, वजन आलं. खरी करामत तिथं आहे.

(दृश्य : कॅमेरा खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर.)

आता सुटकेस पाहा. तिची एक कड पायाला टेकलीय. मुठीत हात आहे, हातावर खांदा, खांद्यावर डोकं. म्हणजे वरचा अर्धा माणूस या एका हातावर तोललाय. ओझं आपण उचलतो असं आपल्याला वाटतं. इथं ओझ्यानंच माणसाला उचलून धरलंय.

संगमरवरात हे जमलं नसतं. जुने रोमन संगमरवरी पुतळे आठवा. पायाशी झाडाचा बुंधा असतो, तो काही शोभेचा नाही. दगडाला लचक सोसत नाही म्हणून दिलेला तो टेकू. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. वजनाला पाण्याच्या आठ-नऊ पट, पण चिवट. बारीक सांध्यावर बराच भार घेतं.

ओतायची रीत मात्र हजारो वर्षांची. मातीच्या पुतळ्यावरून साचा, साच्यातून आतून पोकळ अशी मेणाची प्रत. तिच्यावर आगीत टिकेल असा लेप चढवायचा आणि भट्टीत तापवायचं. मेण वितळून वाहून जातं, त्याची जागा हजारावर अंशांचा लालभडक रस घेतो. निवल्यावर कवच फोडायचं, सांधे जोडायचे, कानशीनं घासायचं, मग रसायन लावून ज्वालेनं रंग चढवायचा. आपल्याकडच्या ओतारीकामात ही मेणाची रीत कुणी पाहिली असेल, तर त्याला ही भट्टी परकी वाटायची नाही.

२०१९ मध्ये हे प्रवासी व्हेनिसलाही पोचले. सान गालोच्या छोट्याशा चर्चमध्ये पोटातून पलीकडची भिंत दिसायची. मला विचाराल तर त्यांना भिंत मानवत नाही, मागे पाणी लागतं.

(दृश्य : पुन्हा मार्सेय. मुठीवर कॅमेरा स्थिर.)

बोटं घट्ट आवळलेली. मागे बोटीचा भोंगा. ही पकड सुटली, तर सुटकेस नाही, माणूस खाली येईल.