चार अक्षरं, उघड्यावर

[दृश्य : जेरुसलेम, इस्राएल संग्रहालय. काचेमागे चांदीचा एक पातळ पत्रा. कॅमेरा हळूहळू जवळ.]

लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, रुंदी एक सेंटिमीटरच्या किंचित वर. हा पत्रा गुंडाळून, दोऱ्यात ओवून, बहुधा ताईत म्हणून अंगावर बाळगला जाई. १९७९ साली जेरुसलेमच्या जुन्या शहराबाहेर केतेफ हिन्नोम इथल्या प्राचीन थडग्यांमध्ये पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बर्काय यांच्या चमूला अशा दोन गुंडाळ्या मिळाल्या. एक ही, दुसरी हिच्याहून मोठी. हात लावावा तर तुकडे पडतील अशी अवस्था. त्या उलगडायला तीन वर्षं लागली.

आत केसासारख्या बारीक रेघांनी कोरलेली अक्षरं निघाली. वाचली तर बायबलच्या गणना ग्रंथातला याजकांचा, म्हणजे पुरोहितांचा आशीर्वाद : परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. बहुतेक अभ्यासक हे पत्रे इसवी सनपूर्व सहाशेच्या आसपासचे मानतात. हिब्रू बायबलमधला मजकूर याहून जुन्या कुठल्याही वस्तूवर अजून मिळालेला नाही.

आणि मराठी बायबल जिथे ‘परमेश्वर’ म्हणतं, तिथे चांदीवर चार हिब्रू अक्षरं आहेत, आपल्या य-ह-व-ह सारखी. योद, हे, वाव, हे.

हे देवाचं नाव. हिब्रू बायबलमध्ये ते सुमारे ६,८०० वेळा येतं. ‘बायबलमधलं गूढ नाव’, ‘लपवलेलं नाव’ असल्या मथळ्यांचे व्हिडिओ ढिगाने सापडतील, पण लपलेलं असं इथे काहीच नाही. पानापानावर ते ठळक लिहिलेलं आहे. सुटलाय तो त्याचा उच्चार.

[दृश्य : तोराहची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांची गुंडाळी उजवीकडून डावीकडे उलगडते.]

हिब्रू लिहिताना मुळात व्यंजनंच लिहीत. वाचणाऱ्याला शब्द तोंडपाठ, त्यामुळे काही अडत नसे. नावाचा उच्चार मात्र लोकांनी जाणूनबुजून कमी कमी करत नेला. मिश्ना हा यहुदी नियमांचा जुना संग्रह सांगतो, की प्रायश्चित्ताच्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिरात महायाजकाच्या तोंडून ते नाव बाहेर पडलं, की अंगणातले लोक गुडघे टेकून जमिनीला तोंड लावत. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्यात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तारफोन यांची एक आठवण आहे. तरुणपणी ते मामाच्या मागोमाग याजकांच्या चौथऱ्यापर्यंत गेले आणि कान टवकारून उभे राहिले. ऐकू काय आलं? महायाजकाने नाव उच्चारलं खरं, पण सोबतच्या याजकांच्या सुरांत गिळून टाकलं. पुढे इसवी सन ७० मध्ये रोमन फौजेने मंदिर जाळलं, आणि ते उच्चारायची जागाही गेली.

त्याच्या आधीपासूनच लिहिणाऱ्यांचे हात जपून चालत होते. मृत समुद्राकाठी मिळालेल्या स्तोत्रांच्या एका गुंडाळीत सगळा मजकूर त्या काळच्या नेहमीच्या लिपीत आहे, आणि हे एक नाव तेवढं जुन्या, वापरातून गेलेल्या लिपीत. आणखी एका गुंडाळीत तर नुसते चार ठिपके.

ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींमध्ये ही चार अक्षरं हिब्रूतच ठेवत. ग्रीक वाचकाला ती कुठून कळणार? दिसायला ती ग्रीक ‘पी’ आणि ‘आयोटा’ अक्षरांसारखी. चौथ्या शतकातले विद्वान जेरोम लिहून गेलेत, की अडाणी वाचक तिथे चक्क ‘पिपि’ म्हणत. सगळ्यांत पवित्र नावाचा हा हाल!

सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान तिबिर्या गावच्या मासोरेत, म्हणजे मजकूर जपणाऱ्या यहुदी पंडितांनी मजकुराला स्वरचिन्हं जोडली. या चार अक्षरांखाली मात्र त्यांनी चिन्हं घातली ती ‘अदोनाय’ म्हणजे ‘माझा प्रभू’ या शब्दाची. डोळ्यांनी हे बघा, तोंडाने ते म्हणा, एवढाच इशारा. युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांनी दोन्ही एकत्र वाचलं, आणि ‘यहोवा’ तयार झाला. मूळ उच्चार ‘याहवे’च्या जवळचा असावा असं आज बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. धार्मिक यहुदी माणूस यांतलं काहीच म्हणत नाही. प्रार्थनेत ‘अदोनाय’, एरवी ‘हाशेम’. हाशेम म्हणजे ‘ते नाव’.

[दृश्य : यिर्मयाचं पान. दोन शब्दांवर प्रकाश.]

मग गुप्त अर्थांचं काय? बायबलमध्ये सांकेतिक लिपी आहे का? आहे. यिर्मया ग्रंथात ‘शेशख’चा राजा येतो. असं राज्य जगाच्या पाठीवर कुठेच नव्हतं. पण वर्णमालेचं पहिलं अक्षर शेवटच्याशी, दुसरं शेवटून दुसऱ्याशी अदलाबदल करून पाहा. ‘ब-ब-ल’चं होतं ‘श-श-ख’. बाबेल, म्हणजे बॅबिलोन! या युक्तीला अतबाश म्हणतात. गंमत अशी, की ५१व्या अध्यायात एकाच वचनात शेशखही आहे आणि बाबेलही. कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच लटकवायची, असला हा प्रकार. मला तरी यात गुप्तता कमी आणि कवीची शब्दांची हौस जास्त दिसते.

एस्तेरच्या ग्रंथात देवाचं नाव एकदाही येत नाही. वाचकांना हे कसं चालावं? त्यांनी शोधून काढलं. पाचव्या अध्यायात राणी एस्तेर राजाला मेजवानीला बोलावते : ‘यावो हामेलेख वेहामान हायोम’, राजाने आणि त्याचा मंत्री हामान याने आज यावं. चार शब्दांची पहिली अक्षरं घ्या. योद, हे, वाव, हे. लेखकाने हे मुद्दाम केलं की तसं जुळून आलं, कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण देव दिसत नसला तरी गोष्टीत असतोच, हे वाचकांना म्हणायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना अक्षरं पुरली.

संगणक आल्यावर मात्र तारतम्य सुटलं. १९९४ साली तीन इस्रायली संशोधकांनी एका सांख्यिकी नियतकालिकात दावा केला, की उत्पत्ती ग्रंथात ठराविक अंतरावरची अक्षरं उचलली तर कित्येक शतकांनंतरच्या रब्बींची नावं आणि तारखा मिळतात. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात इतर गणितज्ञांनी त्याला उत्तर दिलं. नावं लिहिण्याची पद्धत थोडी सोयीने निवडली, तर टॉल्स्टॉयच्या कादंबरीच्या हिब्रू भाषांतरातूनही तसलेच चमत्कार निघतात, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. हा विषय इथेच सोडू.

[दृश्य : सोफेरचा हात, बोरू, चर्मपत्र.]

तोराह हाताने लिहिणाऱ्या लेखनिकाला सोफेर म्हणतात. नाव आलं की तो थांबतो, ‘देवाच्या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो’ असं म्हणतो, मगच बोरू टेकवतो. नाव पुरं होईपर्यंत राजाने नमस्कार केला तरी उत्तर द्यायचं नाही. एरवीची चूक खरवडता येते, लिहून झालेलं नाव खरवडता येत नाही. ज्या कागदावर ते आहे तो जाळायचाही नाही, जपून ठेवायचा किंवा पुरायचा. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधली (यहुदी प्रार्थनास्थळातली) अशी साठवणीची कोठी सॉलोमन शेख्तर यांनी १८९६-९७ मध्ये उपसली. तिथले जवळजवळ दोन लाख तुकडे आज केंब्रिजमध्ये आहेत, आणि त्यांत धर्मग्रंथांसोबत हिशेब, करारनामे, घरगुती पत्रंही आहेत.

नावाचा हा धाक आकड्यांतही शिरला. हिब्रूत अक्षरं हेच अंक. योद म्हणजे १०, हे म्हणजे ५. तर १५ म्हणजे सरळ योद-हे व्हायला हवं. पण ते नावाचं पहिलं अर्ध. म्हणून १५ लिहितात तेत-वाव, नऊ अधिक सहा. ‘तेत-वाव’ जोडून वाचलं की ‘तू’. यहुदी पंचांगातल्या शेवात महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे ‘तू बिश्वात’, झाडांचं नववर्ष.

[दृश्य : अलिबागजवळचं खंडाळा. खडक, भोवती माणसं.]

या सणाला कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची कुटुंबं खंडाळ्याच्या खडकाशी येतात. खडकावरच्या खुणेला म्हणतात ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’. संदेष्टा एलियाहू इथून स्वर्गात गेला, अशी त्यांची श्रद्धा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं घालून मलिदा होतो, आणि एलियाहूचं गाणं म्हटलं जातं. एलि-याहू, म्हणजे ‘माझा देव याहू’. तारखेतून जी दोन अक्षरं टाळली, ती या नावात राजरोस आहेत, आणि गाण्यात ती पुन्हापुन्हा येतात. संदेष्ट्याचं नाव घ्यायला कुणाची ना नाही.