20 हजार माणसं, 8 मिनिटं

(दृश्य : मोकळं मैदान, सकाळची वेळ. एक कामगार फक्कीने जमिनीवर चौकोन आखतो आहे.)

एक मीटर लांब, एक मीटर रुंद. एवढ्या चौकोनात चार माणसं उभी राहिली तर ती वळू शकतात, पिशवी या हातातून त्या हातात घेऊ शकतात. पाचवं आलं की खांद्याला खांदा लागतो. सहावं-सातवं घुसलं की कुणाचेच पाय स्वतःचे राहत नाहीत. मागचा दाब लाटेसारखा पुढे येतो आणि माणूस त्या लाटेबरोबर वाहत जातो.

चेंगराचेंगरी म्हटलं की पायदळी तुडवलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात बहुतेकांचा जीव छाती आवळली जाऊन, श्वास कोंडून जातो, कित्येकदा उभ्याउभ्याच. मागच्यांना पुढचं काहीच दिसत नसतं. रांग का हलत नाही म्हणून ते आणखी थोडं रेटतात. त्यात कुणी दुष्ट नसतो, वेडा झालेला नसतो. ‘लोकांनी शिस्त पाळली नाही’ हे वाक्य दुर्घटनेनंतर हमखास ऐकू येतं, आणि ते बहुधा आयोजनातली चूक झाकण्यासाठीच असतं.

अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी अशा दुर्घटनांची कारणं चार शब्दांत मांडली होती : बळ (म्हणजे गर्दीचा रेटा), माहिती, जागा आणि वेळ.

(दृश्य : मांढरदेवचा गड, पायऱ्या.)

जागेचं उदाहरण द्यायला लांब जायला नको. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा. वाईजवळ मांढरदेव गडावर काळूबाईची यात्रा. वाट अरुंद, तिच्या कडेने दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर. त्यात दुकानांना आग लागली. सुमारे 300 माणसं गेली. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. नारळ, दुकानं, उतार, यातलं काहीच त्या दिवशी अचानक उगवलेलं नव्हतं.

वेळ आणि माहिती कशी घात करते ते मुंबईत दिसलं. 29 सप्टेंबर 2017, सकाळी साडेदहाच्या सुमारास एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल. पाऊस पडत होता, माणसं जिन्याच्या तोंडाशी थबकली होती, आणि मागून लोकल येतच होत्या. कुणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि गर्दीत ते ‘पूल गिर गया’ असं पोचलं, असं तेव्हा प्रत्यक्षदर्शींनी सांगितलं होतं. 23 जण मृत्युमुखी पडले. खरी माहिती देणारा एकही आवाज नसला की अफवेला आयतं मैदान मिळतं.

(दृश्य : टेबलावर मैदानाचा नकाशा, पट्टी, कॅल्क्युलेटर.)

म्हणून कार्यक्रमाची आखणी व्यासपीठापासून सुरू करू नये. दारापासून करावी.

समजा, संध्याकाळच्या कार्यक्रमाला 20 हजार माणसं येणार आहेत. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी एक हिशेब वापरतात : सपाट, मोकळ्या वाटेवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं बाहेर पडतात, पायऱ्या असतील तर 66. मैदान 8 मिनिटांत रिकामं करायचं, तर एका मीटरमधून 656 माणसं जातील. 20 हजारांना भागिले 656. उत्तर येतं साडेतीस मीटर.

आता आपल्याकडचं नेहमीचं चित्र पाहा. चार-चार मीटरच्या दोन कमानी, दोन्ही फुलांनी मढवलेल्या. त्यातून बाहेर पडायला अर्धा तास लागतो. संकट अर्धा तास थांबत नाही.

साडेतीस मीटर म्हणजे पाच-पाच मीटरची सात दारं. सातवं कशाला? आग, बिघडलेली गाडी किंवा कोसळलेली कमान यामुळे एखादं दार बंद पडतंच, आणि उरलेल्या सहांनी जेमतेम का होईना, काम भागवायला हवं. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. आत उघडणारं दार गर्दीच्या दाबानेच बंद होतं. बॅरिकेडच्या रांगेला कोपऱ्यात बंद तोंड नको. दाराबाहेर वडापावची गाडी आणि दुचाक्यांचं पार्किंग असेल, तर पाच मीटरचे दोन मीटर कधी होतात कळतही नाही. अग्निशमनाच्या बंबासाठी साडेचार मीटरची वेगळी वाट ठेवायची, आणि तिच्यावर ऐनवेळी व्हीआयपींच्या गाड्या लावू द्यायच्या नाहीत. हा शेवटचा नियम पाळून घेणं सगळ्यात अवघड, हे या धंद्यातला कुणीही सांगेल.

(दृश्य : दुपारचं ऊन, पाण्याचा टँकर.)

गर्दी पूर्ण शांत बसलेली असतानाही घात होतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात लाखो माणसं बसली होती. उष्माघाताने 14 जण दगावले. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम नकोत, असं जाहीर केलं.

पाण्याचा हिशेब सोपा आहे : माणशी तासाला अर्धा लिटर धरलं, तर 20 हजार माणसांना तीन तासांत 30 हजार लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे तीन टँकर. खरी अडचण पुढे आहे. टँकर मैदानाच्या कडेला उभा असतो आणि मधल्या रांगेतली बाई उठत नाही. उठली तर जागा जाते. शिवाय स्वच्छतागृह लांब, म्हणून ती मुद्दामच पाणी पीत नाही. पाणी रांगेत फिरवावं लागतं, आणि स्वच्छतागृहं जवळ लागतात. टँकरची पावती दाखवून हे काम होत नाही.

(दृश्य : वॉकीटॉकी, नियंत्रण कक्ष.)

मंडपवाला वेगळा, साउंडवाला वेगळा, जनरेटरवाला तिसरा, बाउन्सर चौथ्याचे. प्रत्येकाचं काम चोख असतं. दोन कामांच्या मधली फट कुणाचीच नसते. व्यावसायिक आयोजकाला पैसे देतात ते मुख्यतः ही फट बुजवण्यासाठी. तरी खर्चाच्या कागदावर एलईडी पडदा पहिल्या ओळीत आणि बॅरिकेड शेवटच्या ओळीत असतं. पैसे कमी पडले की कात्री कुठे लागते, ते सांगायला नको.

ध्वनिक्षेपक आणि वाटेवरचे दिवे व्यासपीठाच्या जनरेटरवर ठेवायचे नाहीत. त्यांना स्वतंत्र जनरेटर हवा. मोबाइल नेटवर्क एवढ्या गर्दीत हमखास कोलमडतं, म्हणून वॉकीटॉकी. दर 250 माणसांमागे एक स्वयंसेवक धरला तर 80 जण लागतात, आणि प्रत्येकाने आपल्या दारापर्यंतची वाट आदल्या दिवशी एकदा चालून पाहिलेली असावी. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे, नावानिशी, लेखी. तिथे फोन करून परवानगी मागायची वेळ आली तर तो अधिकार नव्हेच.

घोषणा आधीच लिहून निवेदकाच्या हातात द्यायची. ‘पळू नका, घाबरू नका’ असं बोललं की माणसं नेमकी घाबरतात. ‘चार नंबरच्या गेटने जा’ म्हटलं तर चार नंबर कुठे, हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यापेक्षा : ‘मंडळी, कार्यक्रम थोडा वेळ थांबतो आहे. उजव्या हाताला पिवळी कमान दिसते आहे, तिकडच्यांनी सावकाश तिकडे चला.’ मैदानाचे सगळे दिवे आधी लावायचे, संगीत हळूहळू खाली आणायचं, मग बोलायचं. तेच मराठीत, मग हिंदीत.

परवानग्यांची फाइल तर लागतेच : पोलीस, अग्निशमन, वीज, मंडपाच्या मजबुतीचा दाखला. पण ना हरकतीचे सगळे शिक्के असूनही वाटेवर दुचाक्या उभ्या असू शकतात.

(दृश्य : रात्र. दारातून बाहेर पडणारी गर्दी. रुग्णवाहिकेचा फिरता दिवा.)

येताना माणसं दोन तासांत थोडी थोडी येतात. जाताना सगळी एकदम निघतात. शेवटचं गाणं संपताच स्वयंसेवक जेवायला बसले, तर सगळ्यात धोक्याच्या वीस मिनिटांत दारावर कुणीच नसतं. म्हणून जेवणाची पाकिटं दारावरच पोचवायची. रुग्णवाहिका शेवटची गाडी पार्किंगमधून निघेपर्यंत हलत नाही.