‘कुकीज क्लिअर करून बघा’

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फ्रेमवर्क अपग्रेडनंतर बिघडलेलं लॉगिन: शोधायची पद्धत’. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. पद्धत सांगतोच, पण आधी एक गाऱ्हाणं. लॉगिन होत नाही म्हटलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं, ‘कुकीज क्लिअर करून बघा.’ चोरी झाल्यावर ‘आधी घर धुऊन पुसून घ्या, मग तपास करू’ असं कुणी म्हणतं का? कुकी म्हणजे साइटने ब्राउझरकडे ठेवलेली ओळखचिठ्ठी; त्या कुकीत काय होतं, हाच तर पुरावा! इथे किती जणांनी हे वाक्य वापरलंय? हात वर करा. मी माझेही दोन्ही करतो.

आता किस्सा. आमचं एक ॲप्लिकेशन होतं, जँगो नावाच्या फ्रेमवर्कवर. रात्री ३.२ वरून ४.२ वर नेलं. टेस्ट सगळ्या हिरव्यागार. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटून झोपलो. सकाळी फोन सुरू. लॉगिनचं पान उघडतं, नाव-पासवर्ड टाकून बटण दाबलं की पांढरं पान: ४०३, फॉरबिडन, सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड. म्हणजे मनाई; फॉर्म आपल्याच पानावरून आलाय की दुसऱ्या साइटने गुपचूप पाठवलाय, ही तपासणी नापास. पहिला उपाय कोणता केला असेल? बरोबर. सगळ्यांच्या कुकीज गेल्या, ४०३ जागच्या जागी. मग सर्व्हर रीस्टार्ट. मग एकजण म्हणाला, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय,’ आणि हे तो अशा सुरात म्हणाला की जणू आता ग्राहकांनीच त्याच्या मशीनवर यावं. दुसरा तर सेटिंगमधून सीएसआरएफ मिडलवेअरची, म्हणजे ती तपासणी करणाऱ्या भागाची, ओळच कॉमेंट करून बंद पाडायला निघाला होता. त्याचा हात मी अक्षरशः धरला.

तासाभराने कुणीतरी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. कुणीतरी म्हणजे मी नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगतो. डीबग, म्हणजे चुका तपशिलात दाखवणारं सेटिंग, बंद असलं की जँगो त्या ४०३ च्या पानावर कारण लिहीत नाही, आणि लिहू नयेच. पण लॉगमध्ये ते स्वच्छ होतं: ‘ओरिजिन चेकिंग फेल्ड’ (ओरिजिन म्हणजे विनंती कुठल्या साइटवरून आली तो पत्ता), पुढे आमचाच पत्ता एचटीटीपीएससकट, आणि पुढे हा पत्ता विश्वासातल्या कुठल्याच ओरिजिनशी जुळत नाही, अशी तक्रार. आमच्याच घराला आमचा पत्ता परका!

झालं होतं असं. आमच्यापुढे प्रॉक्सी होता, म्हणजे विनंत्या आधी घेऊन आत पाठवणारा मधला सर्व्हर. एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणी, त्याच्यापाशी संपायची, आत ॲप्लिकेशनपर्यंत साधं एचटीटीपी यायचं. मूळ विनंती सुरक्षित होती हे प्रॉक्सी विनंतीला जोडलेल्या एका टिपेतून, म्हणजे हेडरमधून, सांगत होता, पण तो हेडर वाचायला आम्ही जँगोला कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बिचारं ॲप्लिकेशन कित्येक वर्षं स्वतःला एचटीटीपी समजत होतं. जुन्या जँगोत त्याने काही अडत नसे, कारण रेफररची, म्हणजे आधीच्या पानाच्या पत्त्याची, कडक तपासणी फक्त एचटीटीपीएस असेल तरच व्हायची. ४.० पासून ब्राउझरने ओरिजिन हेडर पाठवला की तो ताडून बघतात. ब्राउझर म्हणतो एचटीटीपीएस, ॲप्लिकेशन म्हणतं एचटीटीपी. झाली फारकत. त्या मशीनवाल्याकडे मधे प्रॉक्सीच नव्हता, म्हणून तिथे चालत होतं. आणि त्या हिरव्यागार टेस्ट? टेस्टमध्ये ब्राउझरची जागा घेणारा जँगोचा टेस्ट क्लायंट सीएसआरएफची तपासणी मुळातच बंद ठेवतो. तपासणीच नाही तर नापास कोण होणार?

माझं लाडकं म्हणणं हेच आहे. लॉगिन अपग्रेडने बिघडत नाही. आपल्या मांडणीतली एखादी गोष्ट आधीपासून खोटी असते आणि जुनं व्हर्जन तिच्यावर पांघरूण घालत असतं. जँगोने प्रॉक्सीचा तो हेडर वाचावा, असं सेटिंग आम्ही केलं. फक्त तो हेडर बाहेरून कुणी पाठवला तर प्रॉक्सीने तो काढून स्वतःचा लावायला हवा, नाहीतर कुणीही ‘मी सुरक्षित’ म्हणेल. विश्वासातल्या ओरिजिनच्या यादीत पत्ता घालणं हा दुसरा मार्ग, पण ४.० पासून तिथे नुसतं डोमेन चालत नाही, पुढे एचटीटीपीएस लिहावंच लागतं.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. अहो, पद्धत तर आता सुरू होतेय! बरं, भराभर.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा, नाहीतर रीडायरेक्टबरोबर सगळं वाहून जातं. लॉगिनच्या उत्तरात सेट-कुकी (‘ही कुकी ठेव’ सांगणारी ओळ) आली का? पुढच्या विनंतीत ती कुकी परत गेली का? आलीच नाही तर दोष सर्व्हरकडे. आली पण गेली नाही, तर कुकी कधी पाठवायची ते ठरवणाऱ्या तिच्या अटी बघा: सेमसाइट, सिक्युअर, डोमेन, पाथ. क्रोमने २०२० मध्ये सेमसाइट लिहिलेलं नसेल तर लॅक्स, म्हणजे दुसऱ्या साइटवरून पोस्ट झाल्यास कुकी न पाठवणं, धरायला सुरुवात केली, त्यात दुसऱ्या साइटवरून फॉर्म पोस्ट करून परतणारी लॉगिनं अडकली. गेली, तरी सर्व्हर ओळख देत नाही? मग सर्व्हरला ती वाचता येत नाहीये, किंवा त्याने काही जपूनच ठेवलेलं नाही.

वाचता न येण्याचं उदाहरण: रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या ७.० चे नवे डीफॉल्ट घेतले की किल्ली बनवताना शा-१ या जुन्या हॅश पद्धतीऐवजी शा-२५६ येतं, जुन्या एन्क्रिप्टेड कुकीज उघडत नाहीत, सगळे एकदम बाहेर. जँगोतही ३.० वरून थेट ४.० वर उडी मारली तर जुनी सेशन्स, म्हणजे लॉगिन झाल्याच्या नोंदी, वाचली जात नाहीत. लोकांनी एकदा पुन्हा लॉगिन केलं की मिटतं, फक्त आधी कळवा. न जपण्याचं उदाहरण जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधलं स्प्रिंग सिक्युरिटी ६: स्वतःच्या कोडमधून, म्हणजे कंट्रोलरमधून, लॉगिन करत असाल तर सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट, म्हणजे कोण आत आलंय याची नोंद, स्वतःच सेव्ह करावा लागतो. नाहीतर लॉगिन यशस्वी, आणि पुढच्याच क्लिकला ‘आपण कोण?’ तिथेच फॉरवर्ड होणाऱ्या, म्हणजे सर्व्हरने आतल्या आत वळवलेल्या, पानांनाही आता परवानगीची तपासणी लागते. लॉगिनचं पानच फॉरवर्डने येत असेल तर ते दाखवायलाही लॉगिन मागतात आणि ब्राउझर गोल गोल फिरत राहतो. स्प्रिंग बूट ३ मध्ये पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ जास्तीची राहिली तरी ४०४, पान सापडत नाही.

हो, हो, उठतोच. लॉगिनवर बोलायला आलो होतो, जाता जाता लॉगआउटचं: जँगो ५.० मध्ये लॉगआउटच्या साध्या लिंकवर क्लिक केलं की ४०५, म्हणजे ‘ही पद्धत चालत नाही’, येतं. लिंक काढा, पोस्ट करणारा फॉर्म घाला. नाहीतर आत आलेला माणूस बाहेरच पडू शकत नाही, आणि आता आयोजकांना माझ्याबद्दल तेच वाटू लागलंय.