उलटी उफणणी

श्रोतेहो, नमस्कार.

२३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबईकरांना आठवत असेल. सकाळपासून आभाळ पांढुरकं झालं होतं आणि समोरची इमारत पुसट दिसत होती. आमच्या खिडकीच्या गजांवर पिठासारखी धूळ बसली होती, बोट फिरवलं की रेघ उमटायची. पाकिस्तानच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून आपल्या दारात आलं होतं. त्या दिवसापासून मला वाळवंट लांबचं वाटत नाही.

ही धूळ उठते कशी? वारा सुटला की पिठासारखी बारीक माती आधी उडत असेल, असं आपल्याला वाटतं. पण तिचे कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, वाऱ्याला ते सहजी सुटत नाहीत. आधी हलतो तो रेतीचा कण, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तो टुणकन उडतो, थोडं पुढे जाऊन जमिनीवर आपटतो, आणि त्या माराने मातीचा पापुद्रा फुटतो. मग कुठे बारीक माती मोकळी होऊन वर चढते. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने कणांच्या या उड्या लिबियाच्या वाळवंटात आणि प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्या आणि १९४१ साली मांडल्या.

खळ्यावरची उफणणी तुम्ही पाहिली असेल. वारा भूस नेतो आणि दाणे पायाशी पडतात. वाळवंटात नेमकं उलटं होतं. मातीतला सगळा कस असतो तो बारीक कणांत, आणि वारा तेच उचलून नेतो. मागे उरते नुसती रेती.

थरच्या वाळवंटात मे-जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटतो. पेरलेल्या बाजरीचे कोंब कधी रेतीखाली गाडले जातात, कधी उडत्या रेतीच्या माराने चिरतात, आणि शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. दुबार पेरणी म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माझ्या श्रोत्यांना मी काय सांगू!

तिथल्या जुन्या लोकांनी शेतातली खेजडी कधी तोडली नाही. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपण पूजतो तीच. बाजरी कापतानाही ते बुडखे उभे ठेवत, म्हणजे वारा जमिनीपर्यंत पोचत नसे. पुढे ट्रॅक्टर आले, कोरडी जमीन खोलवर नांगरली जाऊ लागली, आणि सेवण गवताची कुरणं मोडली. फोग नावाच्या झुडपाची मुळं रेती धरून ठेवतात, तीही सरपणासाठी उपटली गेली. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या फोगाची.

जोधपूरला १९५९ पासून ‘काझरी’ ही संस्था वाळवंटातल्या शेतीवर काम करते. रेतीच्या सरकत्या टेकडीला थोपवायची तिथली रीत अगदी साधी आहे. वाळक्या झुडपांच्या फांद्या वाऱ्याला आडव्या ओळींत रेतीत पुरायच्या. काही ठिकाणी तर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन करतात. त्या ओळींशी वारा मंदावतो, रेती तिथेच बसते. मग पहिल्या पावसाच्या सुमारास त्या आडोशाला गवताचं बी टाकतात, खेजडीची, बाभळीची रोपं लावतात. आणि पुढची काही वर्षं शेळ्यामेंढ्यांना तिथे फिरकू देत नाहीत.