दोन मीटरवरून बोटं

"वरचं मोठं अक्षर वाचा."
"तक्ता दिसतोय. अक्षर नाही लागत."
डॉक्टर जवळ येतात, हात वर करतात. "बोटं किती?"
"दोन... नाही, तीन."
केसपेपरवर नोंद होते: दोन मीटरवरून बोटं मोजतात.

हा तक्ता १८६२ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्टमध्ये हर्मन स्नेलन यांनी तयार केला. त्यामागचं गणित फार देखणं आहे. ६/६ च्या, म्हणजे निरोगी नजरेच्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. अंशाचे साठ भाग करा. सहा मीटरवरून ते अक्षर डोळ्याशी त्यातल्या पाच भागांएवढा कोन करतं. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून ओळखता येतं, ते वाचायला सहा मीटरवर यावं लागणं.

आता तक्त्याच्या वरच्या भागाकडे नीट बघा. पहिल्या ओळीत एकच अक्षर, आणि त्याखाली थेट ६/३६. उपचारांनी नजर थोडीशी सुधारली, तरी कागदावर तेच ६/६० राहतं. शिवाय आळशी डोळ्याला, म्हणजे लहानपणी नजर नीट न घडलेल्या डोळ्याला, एकटं अक्षर ओळखता येतं, पण तेच ओळीत शेजाऱ्यांसोबत आलं की गोंधळ होतो. एका अक्षराच्या ओळीत हा दोष लपतो.

१९७६ मध्ये इयान बेली आणि जॅन लव्ही यांनी वेगळा तक्ता मांडला. प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, त्यांच्यातलं अंतर अक्षराच्याच मापाचं, आणि खाली येताना आकार एकाच प्रमाणात लहान होत जातो. हा लॉगमार तक्ता. इथे ६/६ म्हणजे शून्य आणि ६/६० म्हणजे एक. सुरुवातीला उलटं वाटतं खरं. पण प्रत्येक अक्षराला ०.०२ गुण आहेत. दोन अक्षरं जास्त वाचली, तर तीही जमेस धरली जातात.

वाचता येत नसेल तर लँडोल्टचं तुटकं कडं दाखवतात. फट कुठल्या बाजूला आहे ते हाताने दाखवायचं. तान्ह्या बाळापुढे रेघांचा आणि साधा असे दोन चौकोन धरतात. बाळाची नजर रेघांकडे वळली की उत्तर मिळालं.

मग ज्यांची नजर सगळ्यात कमी आहे, त्यांचंच मोजमाप इतकं ढोबळ का? बोटं कुणाची, जाड की बारीक, मागे भिंत पांढरी की काळी, यावरही उत्तर बदलतं.

तोच रुग्ण. चार मीटरचा लॉगमार तक्ता आता एक मीटरवर आणलाय. अक्षरं चौपट मोठी दिसतात, म्हणून हिशेबात ०.६ मिळवायचे. पहिलं अक्षर बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याला तो थांबतो, मान किंचित तिरकी करतो, आणि ओळखतो.